दादाला भूल चढंना

आमचं गाव दिंडोरीकडं, आईबाप द्राक्षबागंत मजुरीला, मी आठवीत शाळा सोडली अन लग्न होऊन नाशकात आले. दातांच्या दवाखान्यात लागले त्याला सोळा वर्षं झाली. आधी झाडू-फरशी, मग दातांच्या डॉक्टर मॅडमनी शिकवलं तसं हत्यारं साफ करायची, सुईत औषध भरून द्यायचं. भुलीचं इंजेक्शन म्हणजे काय सांगू तुम्हाला, माणूस सुईला भितो, पण ओठ जड झाला की गप पडून राहतो. रोज पिणाऱ्याला मात्र कधीकधी भूल चढतच नाय, अन जास्ती देताबी येत नाय, लिव्हर थकलेलं असतं, ते औषध अंगात साठतं, जिवावर बेततं. म्हणून मॅडम प्रत्येकाला विचारतात, दारू घेता का, अन माणूस बायकोकडं बघतो अन म्हणतो, नाय.

माझा थोरला भाऊ, दादा, बागांमधी छाटणी करतो. गेल्या साली त्याची दाढ सुजली म्हणून मीच बोलवून घेतला. मॅडमनी विचारलं तर म्हणला, नाय बा, आपल्याला सुपारीचंबी व्यसन नाय. मी ट्रे धरून उभी, वहिनी बाहेर बसलेली. तो सकाळपासून पितो हे मला ठाऊक, पण सख्ख्या भावाला चारचौघांत कसं उघडं पाडायचं? पहिली सुई झाली, मॅडमनी हिरडीला टोचून पाह्यलं, तो ओरडला. दुसरी दिली, तरी तेच. मॅडम म्हणल्या, सूज असली की होतं असं, अजून एक भर. मी भरायला घेतलेली सुई परत ट्रेमधी ठेवली. म्हणले, मॅडम थांबा, हा रोज पितो, आताबी पिऊन आलाय.

दादानं माझ्याकडं पाह्यलं, बस. मॅडम रागावल्या नाय, खुर्ची सरळ केली, म्हणल्या, आज दाढ नाय काढायची, रक्त तपासा, सुजेच्या गोळ्या घ्या, अन दारू एकदम तोडू नका, फिट येते, डॉक्टरच्या सल्ल्यानं सोडा. दादा गाल धरून निघून गेला. दाढ मग मोठ्या दवाखान्यात काढली म्हणे. भाऊबीजेला आला नाय.

परवा वहिनीचा फोन आला. छाटणीची कात्री लागून बोट फाटलं, टाके घालायचे होते, तर डॉक्टरनं सुई हातात घ्यायच्या आधीच दादा म्हणला, साहेब, मी रोज पितो, भूल बेतानं द्या.

दारू सुटली नाय त्याची. माझ्याशी बोलतबी नाय, वहिनी म्हणती, तुमचं नाव निघालं की उठून जातो. जाऊ द्या. उठून जायला माणूस हाय ना, मला तेवढं पुरे.