राकेलचा आळ

माझं माहेर खुटबाव, दौंड तालुक्यातलं. आमी धनगर. माझा आज्जा उभा जल्म मेंढरामागं फिरला, बापानं मातर थोडी जिमीन धरली आन् एका जागी बसला, म्हनून मी पालात न्हाई, घरात जल्मले. लगीन करून कोरेगाव भीमाला आले तर काय सांगू तुमाला ताई, घरापुढनंच हायवे. पयल्या दिशी मी सासूला इचारलं, आत्याबाई, ह्या गाड्या कवा थांबत्यात? ती म्हनली, मीबी नवी आले तवा हेच इचारलं व्हतं, अजून थांबल्या न्हाईत बाई. लई हसरी व्हती सासू, आसंल तिथं सुखी आसू दे.

मग कंपन्या आल्या. त्यात एक गाड्यांची कंपनी, नाव कशाला घ्यायचं, तिचं मीठ खाल्लंय मी. ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करायची आन् तयार गाड्या पुसायच्या, ह्ये माझं काम. लावलं आमच्याच गावच्या भालेराव दादांनी. दादा तितं फोरमन, बुद्धवाड्यातलं पयलं शिकलेलं मानूस, कडक इस्त्रीचा शर्ट आन् बोलनं मोजकं. त्यांचं उपकार मी किती सांगू, तुमी लिवून दमाल.

तर आमच्या मालकांनी, मालक म्हंजी माझा नवरा, कंपनीचा न्हाई बरं का, त्यांनी आमच्याच कंपनीची जीप घेतली वडापाला, शिटा भरून भाडं मारायला. कोरेगाव ते शिरूर. इकनारा म्हनला, नवीन इंजिन हाय, सरकारनं तपासलंय, धूर न्हाईच. आन् धूर तर आसा की जीप दारात चालू केली की वट्ट्यावरची मानसं दिसंनात. आमची सारिका तवा रांगत व्हती. आधी खोकला, मग धाप. पोट आत-बाहेर, आत-बाहेर, डोळं पांढरं. शिरूरच्या डाक्टरांनी इचारलं, घरात धूर हाय का? म्हनलं, चूल हाय. ते पोरीचं झबलं हुंगून म्हनले, चुलीचा वास न्हाई ह्यो, डिझेलचा हाय. मालक तितंच उभं व्हते, मान खाली घालून.

तवा बरेच वडापवाले डिझेलात राकेल मिसळायचे, खोटं कशाला बोलू. पन आमचे मालक तसले न्हाईत. तरी जीप दाखवाय शोरूमला नेली तर तितला साहेब मामंजींच्या म्होरंच म्हनला, गाडीत दोष न्हाई बाबा, तुमचं पोरगं राकेल घालतंय. झालं. मामंजींनी त्येच धरलं. कोटवाल्या मानसाचं खरं आन् पोटच्या पोराचं खोटं. घरी आले आन् म्हनले, चार पैशांपायी पोरीच्या नरड्यात राकेल वततूस व्हय रं? मालकांनी बिरुबाचा भंडारा हातात घेतला, म्हनले, आबा, थेंब घातला आसंल तर हात झडू दे. मामंजी म्हनले, देवाला मधी घिऊ नगंस. तवापासनं बाप-लेक एका पंगतीला बसले न्हाईत. बाप आला की लेक ताटावरनं उठायचा. मला कळत व्हतं मानूस आतनं खचलाय, कारन पोरीला धाप लागली की त्ये तिला उचलून घ्यायचे न्हाईत, लांब जाऊन उभं ऱ्हायचे. लोकांनी म्हनून म्हनून त्यांनलाबी आपलाच हात इखारी वाटाय लागला व्हता.

आता कंपनीतलं सांगते. आवारात एका बाजूला, पत्र्याखाली, काही जीपा कायमच्या उभ्या. त्या इकायच्या न्हाईत, कुनी चालवायच्या न्हाईत, रोज पुसायच्या, वर कापड टाकायचं, धूळ बसली तर ठेकेदार खेकसायचा. मी आपली धनगराची पोर. आमच्यात एखादा मेंढा देवाला सोडत्यात, त्याला इकत न्हाईत, कापत न्हाईत, चांगलंचुंगलं खाऊ घालत्यात. मी म्हनलं, ह्याबी तसल्याच आसनार, देवाला सोडलेल्या. म्या कुनाला इचारलंच न्हाई. इचारायचं काय त्यात, दिसतच व्हतं की.

खंडेनवमी आली. दरवर्षी मशिनींची पूजा आसायची, पन त्या साली ठेकेदार घाईत म्हनला, हिरा, गाड्यांचीबी पूजा करून टाक. मग काय, मी आन् दोघी बायका, त्या पत्र्याखालच्या जीपा धुतल्या, बॉनेटवर कुंकवानं सातिया काढला, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं, म्होरं नारळ. गेटापाशी दुसऱ्या जीपा उभ्या व्हत्या, गिऱ्हाइकाकडं निघालेल्या. दोघी म्हनल्या, त्यांनला? म्हनलं, त्या सासरी निघालेल्या लेकी, त्यांची पूजा त्यांच्या घरची करतील.

आन् नेमकी त्याच दिशी सरकारची धूर तपासनीची मानसं आली. म्यानेजरला वाटलं व्हतं दसऱ्यानंतर येतील. धावत आला, म्हनला, आईये सर, गाडी तय्यार है, आन् थेट पत्र्याखाली घिऊन आला. तपासनीचे मोठे साहेब आपल्याकडचेच, केस पिकलेले. माळा बघितल्या, चप्पल काढली, हात जोडले. म्यानेजर ड्रायव्हरला म्हनला, स्टार्ट करो. साहेब म्हनले, थांबा थांबा, पुजलेलं हत्यार दसऱ्यापतूर हलवायचं न्हाई, आमच्या घरी कुनी मोडत न्हाई, मी कशाला मोडू? त्या गेटावरच्या काढा.

म्यानेजर म्हनला, सर, हम लोग ये सब नहीं मानते. साहेब म्हनले, मी मानतो. ड्रायव्हरकडं बघितलं तर त्यो किल्ली खिशात घालून लांब. खरं सांगते ताई, मला काय कळंना, मला वाटलं माझ्या पूजेचं कौतिकच चाललंय, मी पदर नीट करून उभी.

गेटावरची जीप आनली. धुरकांड्याला, म्हंजी सायलेन्सरला, नळी लावली, पाय दाबला, आन् काळा लोट! साहेब मशिनीकडं बघून म्हनले, दुसरी आना. दुसरीची तीच गत. आनखी एक आनली, तिची तीच गत. म्यानेजरच्या तोंडचं पानी पळालं.

साहेब गेल्यावर त्यो माझ्यावर आसा धावला. किसने बोला था तेरे को पूजा करने? ठेकेदार म्हनला, उद्यापासनं येऊ नगं. मी रडाय लागले, माझं चुकलं काय त्येच समजंना. तवा भालेराव दादा मधी आले. म्हनले, पूजा करा म्हनून तुमीच सांगितलं. गाड्यांनी धूर टाकला, बाईनं न्हाई. हिला काढायची तर आधी मला काढा. मागनं लाईनीवरची सगळी मानसं येऊन उभी ऱ्हायली. म्यानेजर आत गेला.

मग दादांनी मला समजावलं. त्या पत्र्याखालच्या गाड्यांचा डिझेलचा पंप बारीक केलेला, धूर कमी, पन चढाला ओढ न्हाई. इकायच्या गाड्यांचा पंप मोठा सोडायचा, म्हंजी ओढ भारी, गिऱ्हाईक खूश. सरकारला एक दावायची, रस्त्यावर दुसरी सोडायची. आन् हसून म्हनले, मी पूजा मानत न्हाई हिरा, पन तुझ्या पूजेला आज माझा जय भीम.

मी म्हनलं, दादा, माझ्या सासऱ्याला येवढं सांगाल का?

नोकरी जाईल ह्याचा इचार न करता त्यो मानूस संध्याकाळी आमच्या घरी आला. मामंजींच्या म्होरं बसला, च्या घेतला, आन् म्हनला, आबा, तुमच्या पोरानं राकेल घातलं न्हाई. गाडी आमीच तशी बनवून इकली. माझ्या हातनं गेल्यात त्या, तुमाला तोंड दावाय लाज वाटती.  मामंजींनी आत हाक मारली, ताटं वाढ गं, आमा दोघांची संगं. बाप-लेक जेवले. मामंजींनी आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी लेकाच्या ताटात टाकली आन् मालक हुंदका देऊन रडले.

कंपनीनं पुढं गपचूप गाड्या बोलावल्या, मोफत सर्व्हिस म्हनून, आन् पंप बारीक करून दिले. चूक झाली आसं काय म्हनली न्हाई. ओढ गेली म्हनून कितीकांनी भाईर जाऊन परत मोठे करून घेतले. आमच्या मालकांनी न्हाई. लोक चेष्टा करायचे, हिराबाईचा नवरा बैलगाडी चालवतो. करू दे. भालेराव दादांना त्रास झाला, दुसऱ्या खात्यात टाकलं, पन मानूस वाकला न्हाई. दरवर्षी त्यांच्या घरी पयली पुरनपोळी माझी जाती.

आता सारिका शिरूरला कालिजात हाय. हायवेला धूर हायच, गाड्या का कमी झाल्या? थंडीत तिला अजून दम्याचा पंप तोंडात वढावा लागतो, पन चालती-फिरती हाय, माझं गाऱ्हानं न्हाई. सकाळी बापाच्याच जीपनं जाती, म्होरं बसून. वाटंत दर थांब्याला त्ये तिला इचारत्यात, धाप लागती का गं? ती म्हनती, आप्पा, न्हाई लागत, गाडी चालवा तुमी. तरी म्होरच्या थांब्याला परत इचारत्यात. कंपनीतल्या ज्यांनी इचारायचं त्यांनी एकदाबी इचारलं न्हाई ताई, आन् ज्याचा दोष नव्हता त्यो मानूस अजून इचारतोय. त्यांचंबी देव भलं करो. माझ्या घरातला मातर आसाच इचारत ऱ्हावा, येवढंच मागनं.