देवरावानं शिकवलेली सही

हौ, मीच एकनाथराव. पण ती शाईची डबी बंद कर आधी — अंगठा कुठं पळून चाललाय का? कोर्टाचा माणूस, त्यात आदिलाबादकडचा, मराठी कळते, मग बस जरा. माझा पोरगा कुलदीप बेगम बाजारला गेलाय दुकानावर. तो असता तर तुला दारातूनच वाटेला लावलं असतं. काय लिहिलंय त्यात, सांग. — साक्षीला हजर व्हायचं? दावा कुणाचा, देवरावाच्या भागूबाईचा. म्हणजे नवरा गेला तरी तिनं सोडला नाही. का सोडेल? मी तरी सोडला असता का?

त्या मागच्या दोन खोल्या बघ, पेरूच्या झाडापाशी. तिच्याच त्या. देवराव तिथं तीस वर्षं भाड्यानं राहिला. युनिव्हर्सिटीत शिपाई होता, पुस्तकांच्या कपाटांवर. आम्ही शेतकरी जातीचे, तो बौद्ध — पहिली दोन वर्षं आमच्याकडं त्याचा कप वेगळा होता, खोटं कशाला बोलू. पुढं माझी बायको, भामा, दवाखान्यात पडली, तेव्हा मीच म्हणलं, देवराव, खोल्या घेऊन टाक. त्यानं सगळी रक्कम तिथंच आणून दिली. इकरारनामा झाला, खोल्या त्याला विकल्याचं कागदावर ठरलं, रजिस्ट्री तेवढी राहिली. कुणामुळं राहिली? माझ्यामुळं. दरवेळी आपलं, घाई काय आहे, मी काय आज मरतोय? — मेला तो.

मग विद्यानगरात बिल्डर फिरायला लागले. त्यांना अख्खी जागा पाहिजे, पेरूसकट. देवरावानं दावा लावला, आधी ठरलंय तसं करून द्या म्हणून. कुलदीप म्हणाला, बाबा, तुम्ही बँकेत, रेशनला, जन्मभर अंगठाच लावलाय, मग त्या कागदावरची सही तुमची कशी? वकील हसला. तेलुगूत जबाब लिहून आणला — माणूस निरक्षर, सही खोटी. मी अंगठा लावला. आत काय लिहिलंय ते न विचारता? नाही रे बाबा, विचारून लावला. तेच तर.

तुला सांगतो, इकरारनाम्यालाही मी अंगठाच पुढं केला होता. देवराव म्हणाला, नको. अंगठा झोपलेल्या माणसाचाही लावून घेतात, आमच्या आज्याची जमीन अशीच गेली. उद्या तुमच्या पोरांनी म्हणायला नको, देवरावानं म्हाताऱ्याला फसवलं. सही शिका. — मी, साठीचा घोडा! आठ दिवस त्याच्या ओट्यावर बसलो, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरल्या. भागूबाई चहा द्यायची, हसायची, तुमच्यापेक्षा आमची पोरगी रेणुका लवकर शिकली म्हणायची. हात वाकडा जायचा. मग देवराव म्हणाला, तुम्हाला नांगराचा तास धरता येतो ना, तशी खाली रेघ ओढा. ती सरळ आली. जन्मात एकदाच सही केली मी, त्याच्याच कागदावर. आणि तीच खोटी.

शेवटच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला तो. श्वास लागत होता. मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानं बाकावर सरकून जागा केली, म्हणाला, बसा, तुमचे गुडघे दुखतात. बसलो नाही मी. पुढच्या महिन्यात गेला. मातीला गेलात का म्हणतोस? कुठल्या तोंडानं? इथूनच बघत होतो, खिडकीतनं.

आता ती बाई रोज सकाळी पेरूखाली झाडते. माझ्या दारापर्यंत झाडते, पहिल्यासारखं.

चष्मा दे तो. — हे बघ, ती डबी खिशात घाल म्हणलं ना. पेन दे. कागद मिळाल्याची खूण इथंच करायची ना? कागद धर नीट. — ए... क... थांब, बोलू नको. — आता रेघ.

बघ. आली सरळ.

काय बघतोस तोंडाकडं? घडी घाल आणि कोर्टात नेऊन दे. चल, ऊठ. कुलदीप यायच्या आत निघ.