टॅबातले अण्णा

महिपती : ...आन परवाच्या लग्नात मी तवा काय करत व्हतो, ठावं हाय? जिलबी खात व्हतो. तोंडात जिलबी, हातात मठ्ठ्याचा गलास, आन तिकडं स्टेजवर माझी क्लॅरिनेट वाजतीया.

कासीम : अण्णा, आधी आत तरी येऊ द्या. चप्पल अजून पायात आहे माझ्या.

महिपती : तितंच उभा ऱ्हा. गुन्हेगार उभाच असतो.

गोजरबाई : ये रे कासीमा, बस. ह्यांच्या कोर्टात खुर्ची न्हाय, पर पाट हाय. च्या टाकते.

महिपती : च्या मागनं. आधी जबाब. नवरीचा मामा, त्यो महेश्वर, माझ्या पाठीवर थाप मारून म्हनतो, अण्णा, मानलं तुमाला, ह्या वयात काय फुकताय. मी म्हनलं, बाबा, मी तर हितं जेवतोय. तर म्हनतो, लई इनोदी हाय तुमी.

कासीम : मग हसून सोडून द्यायचं की.

महिपती : हसून? मानूस मेल्यावर त्याचा फोटू लावत्यात. तू मी जित्ता असताना माझा सूर लावलास. बँडमधनं मला घरी बसवलंत, ते ऐकलं. आता माझ्याबिगर मलाच वाजवायला लागलात व्हय?

कासीम : घरी कुणी नाही बसवलं, अण्णा. तुमच्या कवळीनं बसवलं.

गोजरबाई : जेऊरच्या वरातीचं काढू नगंस बाबा. ह्यांचं डोकं फिरतं.

महिपती : काढू दे की. त्यात माझी काय चूक? नवी कवळी, सैल बसलेली. वरच्या दातांवर क्लॅरिनेट टेकवली, फुकलं, आन...

गोजरबाई : आन कवळी सुटली ती थेट नवरदेवाच्या घोडीच्या पुढ्यात. घोडीनं तिच्यावर पाय दिला. तवा कुटं वरात थांबली.

महिपती : घोडीला रस्ता बघून चालता येत न्हाय, त्याला मी काय करू?

कासीम : अण्णा, आता माझं ऐका. आपल्या कीबोर्डची हालत तुम्हाला माहितीये. वेळापूरच्या वरातीत त्याच्या पोटात पाणी गेलं. बटणं ठीक, आवाज खलास. नवा घ्यायची ऐपत नाही. म्हणून वायर लावून माझ्या पोरीचा, राहतचा अभ्यासाचा टॅब जोडला. बोटं कीबोर्डवर चालतात, आवाज टॅबमधून निघतो. सनई म्हणा, व्हायोलिन म्हणा, ढोलकी म्हणा, सगळं आत भरलेलं आहे.

महिपती : मग सनई वाजवायची. त्या पाटीत मला कशाला कोंबलंस?

कासीम : त्यातली आयती क्लॅरिनेट ऐकलीये का तुम्ही? विलायतेतल्या कुणा साहेबानं वाजवलेली. एकदम साफ, इस्त्री केलेली. मी ती वरातीत लावली तर नवरदेव घोडीवर डुलक्या घ्यायला लागला. खरं सांगतो. करवल्या विचारायला लागल्या, आज कुणी गेलं का काय.

गोजरबाई : आन ह्यांची लावली की?

कासीम : काकू, अण्णांची लावली की म्हातारे पण टॉवेल उडवतात.

महिपती : लोणी लावू नगंस. ए गोजर, ह्यानं मला कसं फसवलं, सांग की.

गोजरबाई : तुमीच सांगा. मला दुधाकडं बघायचंय.

महिपती : माझे दात काढायच्या आदल्या दिवशी आला हा. हीच पाटी घिऊन. म्हनला, अण्णा, एकेक सूर वाजवा, दम संपंस्तवर धरा, मग थांबा, मग दुसरा. मी म्हनलं, कशाला रं? तर म्हनला, आटवण म्हणून. माझं डोळं भरून आलं. वाटलं, पोराला केवडी माया.

गोजरबाई : डोळं भरलं नव्हतं. दाढ ठणकत व्हती.

महिपती : दोनी व्हतं.

कासीम : माया होतीच की, अण्णा. आठवणच होती ती. फक्त नंतर... वापरात आणली.

गोजरबाई : मला तर वाटलं ह्या दोगांना येड लागलंय. बाहीर शेजाऱ्याच्या यंत्रमागांचा खडखडाट, म्हनून माझ्या सैपाकघरात येऊन बसले. दार लावलं, पंखा बंद केला, आन भों... भों... एकच सूर, एसटी चढाला लागल्यावानी. गॅसवर दूध. मी इशाऱ्यानं सांगतेय, ह्यांचं डोळं मिटल्यालं. मग वरडले.

कासीम : तेच. तेच राहिलं आत.

महिपती : राहिलं म्हंजी? ऐकून बगितलं न्हाईस?

कासीम : बघितलं. वरच्या पंचमात आहे. थोडा वाजवला तर काही नाही. बटण दाबून धरलं, की सुराच्या शेपटाला काकूंचा आवाज येतो. मला माहीत होतं, मी तो पंचम आखूडच वाजवायचो. पण परवा पाठवणी होती. नवरी रडतेय, आई रडतेय. मला आपली राहत आठवली. बोट उचलायचं विसरलो.

गोजरबाई : आन मी बायकांच्या पंगतीत पुरी मोडतेय, तर मांडवाच्या चारी स्पीकरांतनं मीच. "अवो, दूध उतू चाललंय, मेलं लक्ष कुटं हाय तुमचं."

कासीम : नवरी रडायची थांबली.

गोजरबाई : आचारी बासुंदीकडं पळाला. माझ्या शेजारची नागव्वा म्हनती, गोजरबाई, तुज्या घरचं दूध हितं कसं काय उतू चाललंय?

महिपती : आन नवरदेव?

कासीम : नवरदेव म्हणाला, सॉरी. का म्हणाला, त्यालाच माहीत.

गोजरबाई : शाना हाय. संसार नीट करंल.

महिपती : तुमी दोगं हसताय. हसा. मला सांग कासीम, ते माझं पुसायचं कसं?

कासीम : अण्णा...

महिपती : पूस म्हनतोय. आत्ता. माझ्या म्होरं.

कासीम : उद्या सांगोल्याचं वऱ्हाड येतंय. त्यांनी मुद्दाम सांगितलंय, क्लॅरिनेट पाहिजेच. दुसरा वाजवणारा शोधून दमलो. आताची पोरं क्लॅरिनेट म्हटलं की विचारतात, ती चार्जिंगवर चालते का.

महिपती : मग त्या विलायती साहेबाला बोलव. माझं पूस.

कासीम : ठीक. घ्या टॅब. तुमच्याच हातानं करा. हे अण्णा म्हणून नाव दिसतंय ना, त्याच्यावर बोट धरा. तो विचारेल, नक्की का. हो म्हणायचं. संपलं. पण एक सांगतो, गेलं की परत येणार नाही. ज्या दातांनी हे सूर निघाले, ते दात डॉक्टरनं कचऱ्यात टाकले. आता हे फक्त ह्याच्यात आहेत, बाकी दुनियेत कुठंच नाहीत.

महिपती : मला भीती घालतोस व्हय?

कासीम : नाही. आहे ते सांगितलं.

गोजरबाई : दाबा की मग. थांबला का?

महिपती : चष्मा न्हाय.

गोजरबाई : नाकावर हाय.

महिपती : नंबर बदललाय.

गोजरबाई : नंबर न्हाय बदलला. नुसता रुबाब. काल रातच्याला झोपंत बोटं हलत व्हती तुमची माझ्या दंडावर. मी काय क्लॅरिनेट हाय व्हय?

महिपती : तू गप गं.

कासीम : अण्णा, खरं सांगा. एवढा राग कशाचा?

महिपती : विचारलं असतंस तर मी न्हाय म्हनलो असतो का रं? सांग. तू न विचारता नेलंस. परवा पंगतीत बसून ऐकलं, आन वाटलं, चाललंय की. मी नसलो तरी चाललंय झकास. लोक नाचत्यात, मामा थाप मारतोय, आन मी आपला जिलबी खातोय. लई वंगाळ वाटलं, कासीम. जिलबी गिळंना.

कासीम : विचारायला आलो होतो. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही पेटी उघडून क्लॅरिनेट पुसत बसला होतात. काय विचारू? अण्णा, तुमचा सूर पाहिजे, पण तुम्ही नकोत? जीभ नाही उचलली माझी. चोरी करणं सोपं वाटलं.

गोजरबाई : हे बगा. आता च्या घ्या दोगं बी.

महिपती : ...वाजव.

कासीम : काय?

महिपती : कीबोर्ड आनलाय न्हवं रिक्षात? आन तो हिकडं. वाजव माझ्या म्होरं. चोरीचा माल बगू तरी कसा दिसतोय.

कासीम : आणतो. काकू, हा स्टूल घेऊ? ...हां, ही वायर ह्याच्यात. थांबा, वाजवतो.

गोजरबाई : अगं बया. हुबेहूब की.

महिपती : थांब.

कासीम : काय झालं?

महिपती : हितं मेलो मी.

कासीम : कुठं?

महिपती : आत्ता वाजवलास त्या लांब सुरात. दम कुटं घेतलास? गान्याची एक वळ वाजवलीस, दुसरी वाजवलीस, तिसरीत घुसलास, मधी कुटं श्वासच न्हाय. रेडा बी एवडं फुकू शकत न्हाय. माझ्या नावानं वाजवतोस आन मलाच मारतोस.

कासीम : अण्णा, टॅबला दम लागत नाही.

महिपती : टॅबला न लागू दे. सूर कुनाचा हाय?

कासीम : तुमचा.

महिपती : मग लागतो.

कासीम : लोकांना काय कळतंय ते?

महिपती : कळत न्हाय, पर जीव घुसमटतो त्यांचा. नाचणारा गडी क्लॅरिनेटसंगं दम घेतो. आमी थांबलो की तो पाय उचलतो, आमी फुकलं की टेकवतो. तू थांबतच न्हाईस, मग त्यानं पाय टेकवायचा कवा? आन त्यो पंचम. त्या दिवशी तू धर म्हनलास म्हनून मी धरला. एरवी मी एवडा लांब सूर जन्मात धरत न्हाय. बायको वरडायच्या आत दम घ्यायचा असतो, हे बी तुला शिकवायचं का?

गोजरबाई : मला बी हे आजच कळतंय.

कासीम : मग काकूंचा आवाज कापून टाकू का? जमतं ते.

गोजरबाई : खबरदार. सगळा जन्म वरडतेय, पहिल्यांदा चार स्पीकर मिळाले. राहू दे तितंच. ह्यानं बोट येळंवर उचलावं.

कासीम : पण अण्णा, दम कुठं घ्यायचा हे मला कसं कळणार? मी क्लॅरिनेट कधी फुंकली नाही. माझा जन्म बटणं दाबण्यात गेला.

महिपती : माझा कोट कुटं हाय गं?

गोजरबाई : कंचा कोट?

महिपती : बँडचा. लाल.

गोजरबाई : ट्रंकंत. पोटावर बटनं लागत न्हाईत आता.

महिपती : उघडा घालीन. कासीम, उद्या मी तुज्या शेजारी बसणार. एक खुर्ची टाक. माझा हात तुज्या खांद्यावर. दाबला की बोट उचलायचं. सोडला की वाजवायचं. आन कुनी विचारलं, हे कोण, तर काय सांगशील?

कासीम : सांगेन, वाजवणारे हे आहेत. मी नुसती बोटं.

महिपती : आता च्या दे गं ह्याला. कवाधरनं आलाय बिचारा, नुसता बसवून ठिवलाय.

(दुसरा दिवस, ऐन दुपार. मंगल कार्यालयाबाहेर पत्र्याच्या मांडवात बँडचं छोटं स्टेज. कासीम कीबोर्डवर, शेजारी लाल कोटातला महिपती, मागं गोजरबाई. वऱ्हाड दारात आलं आहे.)

कासीम : काकू, टॅब तापलाय. असंच राहिलं तर मधेच बंद पडेल.

गोजरबाई : खाली वला पंचा घातलाय की. वारा बी घालतेय. ह्यांना कदी वारा घातला न्हाय मी, आन हितं पाटीला घालतेय.

महिपती : त्या पाटीत मीच हाय. घाल.

कासीम : सुरू करू?

महिपती : कर. ...हां. ...उचल. ...आता सोड.

कासीम : अण्णा, जरा हळू दाबा. हाड मोडेल.

महिपती : वाजव तू. बग, त्यो पिवळ्या फेट्याचा कसा पाय टाकतोय. परवा असा पडत व्हता का कुनाचा पाय?

कासीम : नाही.

महिपती : उचल.

गोजरबाई : लोक तुमच्याकडं बगायलेत, अवो. कोटानं पोट तरी झाका.

महिपती : बगू दे.

कासीम : अण्णा, घाम किती आलाय तुम्हाला. गाल का फुगवताय? कपाळाच्या शिरा बघा कशा झाल्यात. वाजवतोय तर मी.

महिपती : बोलू नगंस. चाल तुटंल. लोक रंगात आल्यात.

कासीम : हात दाबा मग. शेवटची ओळ आली. केवढा वेळ धरून ठेवायची?

महिपती : धर. ...आनखी धर. ...आनखी.

कासीम : आता?

महिपती : आता उचल, बाबा. दम लागला मला.