फिरतोय, पण तापत नाही

एकानं... निदान एकानं तरी माझं खरं मानायचं की नाही? चौदा माणसं आमच्या ऑफिसात, चौदाही शिकलेली, नि मी चौथी पास, म्हणून काय माझे डोळेही चौथीतच बसलेत? सोमवारपासून घसा फोडून सांगतेय, अहो, हा मायक्रोवेव्ह फिरतोय, पण तापत नाही! तर म्हणे, ‘मावशी, बटण नीट दाबलंत का?’ बटण! अकरा वर्षं पॅन्ट्रीची किल्ली माझ्या कमरेला आहे, एक वाजता चौदा डबे गरम करून टेबलावर मांडते, कुठलं झाकण कोणाचं ते झोपेत सांगेन, नि मला बटण? माझ्यामागे मला ‘हवालदार’ म्हणतात, ते काय मला ठाऊक नाही? म्हणा! हवालदार आहे म्हणून पॅन्ट्रीत एक झुरळ नाही.

तर झालं काय... शुक्रवारी अकाउंटंटनं हावरटासारखा स्वतःच डबा गरम केला नि रस्सा सांडला बटणांवर. पुसायला नको! सोमवारी सकाळी बघते तर वाळून दगड. घेतला ओला फडका, एका वेळी दोन-दोन बटणांवर दोन अंगठे रोवले नि अशी घासली, अशी घासली, की बटणांत तोंड दिसावं! त्याच दुपारी डबे ठेवले. दिवा लागला. ताट फिरलं. टिंग झालं. डबा काढला तर गार! पुन्हा ठेवला. दिवा, फिरणं, टिंग... गार! आणि वर काचेच्या कोपऱ्यात, जिथे आकडे उमटतात ना, तिथे एक बारीकसा हिरवा डाग, तो काही केल्या जाईना. म्हटलं, रस्सा आतपर्यंत शिरला मेल्याचा.

हेडक्लार्कना बोलावलं. ते आले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं. ‘हं... हं... चालतोय की, मावशी! दिवा लागतोय, ताट फिरतंय, टिंग होतंय. अजून काय पाहिजे?’

अजून काय पाहिजे! अहो, तापायला पाहिजे! तुम्हाला सांगते, अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, की साहेब, तुम्हीही सकाळी येता, दिवा लावता, खुर्चीत गोल फिरता, पाच वाजले की टिंग... पण गिळलं. नोकरी आहे.

मंगळवारी मी पेलाभर पाणी ठेवलं आत. दोन मिनिटं. बाहेर काढलं नि हेडक्लार्कना म्हटलं, घाला बोट. त्यांनी घातलं. गार पाण्यात घातलेलं बोट, हो! तरी हा माणूस काय म्हणतो? ‘कोमट आहे.’ कोमट? अहो, नळाखाली धरलं असतंत तरी एवढंच कोमट लागलं असतं! पण साहेब कोमट म्हणाले की सगळे कोमट. अकाउंटंट म्हणाला, ‘मला तर चटका बसला.’ मेल्या, तुला चटका बसायला हवाच होता, पण दुसरीकडे! टायपिस्ट पोरगी तेवढी हळूच म्हणाली, ‘मावशी, माझा भात पण गारच होता.’ मग मोठ्यानं बोल ना, बाई! तर नाही. नख कुरतडत बसली.

बुधवारी पॅन्ट्रीच्या दारावर कागद. ‘मावशींनी यंत्रास हात लावू नये.’ अकरा वर्षांनी! आणि हेडक्लार्क वर मला सांगतात, ‘शनिवारी मेकॅनिक येईल. यंत्र ठीक निघालं, तर किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच सगळ्यांसमोर म्हटलं, ठेवीन! पण बिघडलेलं निघालं, तर ज्यानं बिघडवलं त्याचं नाव याच कागदावर लिहायचं, या एवढ्या मोठ्या अक्षरांत, नि त्यानं महिनाभर चौदाही डबे घासायचे! कबूल? सगळे म्हणाले, कबूल. अकाउंटंटचा आवाज जरा बसला होता. मी बघून ठेवलं.

आणखी तीन दिवस सगळे गार जेवले. मला खोटं पाडायच्या हट्टापायी मुकाट्यानं गार जेवले, पण एक जण म्हणेना की फिरतोय, पण तापत नाही!

शनिवारी मेकॅनिक आला. काडीसारखा माणूस, खांद्याला हत्तीएवढी पिशवी. पिशवी उघडलीच नाही त्यानं. काचेकडे बघितलं नि मला विचारलं, ‘हे अक्षर कधीपासून येतंय?’ अक्षर? म्हटलं, दादा, तो डाग आहे, किती घासला तरी जात नाही. तो हसला. म्हणाला, ‘मावशी, दुकानात मांडून ठेवताना हे असं करतात. दिवा लागतो, ताट फिरतं, टिंग होतं, गिऱ्हाईक खूश. आच तेवढी बंद. हे आपोआप होत नाही. चालू नि बंद, दोन्ही बटणं एकदम, पाच-सहा सेकंद दाबून धरावी लागतात.’

झालं! सगळं ऑफिस माझ्याकडे वळलं. ‘मावशी खरं सांगत होत्या!’ हेडक्लार्कनी खाली मान घालून दारावरचा कागद काढला, उलटा केला, पेन उघडलं. मी अशी उभी, कमरेवर हात, किल्ली खळखळ वाजवत... नि माझे अंगठे गार पडले. दोन्ही बटणं? एकदम? दाबून?

‘नाव काय लिहू?’ हेडक्लार्क. सगळे बघतायत अकाउंटंटकडे. तो पांढराफटक. ‘मी फक्त रस्सा सांडला हो!’ टायपिस्ट पोरगीला आत्ता बरा कंठ फुटला, ‘हाच तो!’

गप्प बसले असते तर? कोणाला कळणार होतं? पण तो घाम पुसत होता हो... आणि माझ्याच फडक्यानं! म्हटलं, मी केलं. आणि काय सांगू तुम्हाला, पुन्हा तेच! ‘छे छे, मावशी, तुम्ही? शक्यच नाही!’ अरे, तुमचा विश्वास बसतो तरी कधी? शेवटी सगळ्यांना बाजूला सारलं, दोन्ही बटणांवर दोन अंगठे रोवले, दाबले. हिरवं अक्षर गेलं. पाण्याचा पेला ठेवला, दोन मिनिटं, टिंग. म्हटलं, साहेब, घाला बोट.

आता मात्र ‘कोमट’ म्हणाले नाहीत.

फुंकर मारत मारत हेडक्लार्कनी पेन उचललं. ‘किल्ली राहू द्या तुमच्याकडेच, मावशी. पण... तुमचं नाव काय?’ अकरा वर्षं! एकमेकांची तोंडं बघतायत. एकाला ठाऊक असेल तर शपथ! ‘नुसतं मावशी लिहू?’

म्हटलं, मावशी काय, दर ऑफिसात एक असते. चौदा डबे घासायचेत महिनाभर, नाव कसं चोख पाहिजे. माझ्या पाठीमागे म्हणता ना, तेच लिहा माझ्या तोंडावर... मोठ्या अक्षरांत... हवालदार.