कुमुदला हवं असलेलं इंजेक्शन

तुम्ही सुरकुत्यांच्या क्रीमचं बोलून राहिलात म्हणून आठवलं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, माझी धाकटी बहीण कुमुद तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला पाहायला आलेल्या एका मुलाची आई निघता निघता म्हणाली, "पोरीच्या कपाळावर आतापासूनच आठ्या दिसतात." पुढे नकार आला आणि कुमुदनं ते बोलणं मनाला लावून घेतलं. मला सोबत घेऊन ती महाल भागातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"बाई, सुरकुत्या पडायच्या आधीच घ्यायचं एखादं इंजेक्शन असते का?"

"असतं तर मीच आधी टोचून घेतलं नसतं का वं?" बाई म्हणाल्या. "चेहरा हलला का रेघा पडतातच. त्याले औषध नाही."

कुमुदनं त्यातलं चेहरा हलण्याचं तेवढं धरलं. त्या दिवसापासून तिचं हसणं बंद, रागावणंही बंद. आई तर पार घाबरून गेली.

मग खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेला मनोहर तिला पाहायला आला. बिचाऱ्यानं गमतीजमती सांगून पाहिल्या, पण ही आपली मख्ख बसलेली. शेवटी त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही हासत काहून नाही?"

कुमुदनं खरं ते सांगून टाकलं, "सुरकुत्या पडतात."

मनोहरनं जरा विचार केला. "पडतीनच," तो म्हणाला. "माह्याही पडतीन. सोबतच पाडू ना."

त्यावर कुमुद अशी हसली, की स्वयंपाकघरातून आई धावत बाहेर आली.