‘ग’ म्हणजे गुरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय अमरदीपभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती तय्यबभाई, त्यांच्या सौभाग्यवती सिताराभाभी, पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांच्या मातोश्री नानीबाई, आणि या उन्हात मंडपाखाली घामाघूम होऊनही उठून न गेलेल्या मानोऱ्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना जय भीम, नमस्कार आणि आदाब.

दोनशे पावलांवर भाऊंचं पंखे लावलेलं मंगल कार्यालय असताना आपण मैदानात का बसलो, आणि तेल-वात घातलेली समई कोणी का पेटवली नाही, असं आपण एकमेकांच्या कानात विचारत आहात. मला इथून दिसतं. सांगते. पण आधी सत्काराचं बोलू द्या, कारण त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळायची मला भीती वाटते.

टेकडीवर आमच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा मनोरा आहे. आज निवृत्त होणाऱ्या तय्यबभाईंनी तो अकरा वर्षं सांभाळला. बाजारात लोक त्यांना अडवून म्हणायचे, “तय्यबभाई, रेंज वाढवा ना जराशी!” तो मोबाईलचा टॉवर नाही हे सांगून सांगून ते थकले, आणि शेवटी “वाढवतो, वाढवतो” म्हणू लागले.

मग तो मनोरा करतो काय? शेजारी कोणाच्या घरी मिरच्या भाजतात हे आपण दार न ठोठावता ओळखतो की नाही? वारा कुठून आला आणि ठसका किती लागला, यावरून. आम्ही तेच करतो. हवा तापवणारे वायू किती आहेत ते मोजायचं, वाऱ्याची दिशा आणि वेग धरायचा, आणि गणित उलटं मांडून काढायचं की कोणत्या भागातून किती वायू सुटला. कागदावर यादी असतेच, इतकी जनावरं, इतका कचरा, इतकं डिझेल. ती यादी खरी की खोटी ते हवा सांगते.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपासून गावाकडचा वारा आला की मिथेनचा आकडा एकदम चढायचा. गुरांच्या पोटातूनही हा वायू सुटतो, म्हणून मनोऱ्याजवळ गुरं आली तरी असं होतं. मग त्या आकड्यापुढे शेऱ्यात मी ‘ग’ लिहायची. ‘ग’ म्हणजे गुरं. ‘ग’ लिहिलं की तो आकडा हिशेबातून बाद. एका अक्षरात काम व्हायचं, आणि मी मोठी हुशार!

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तय्यबभाई वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “मॅडम, काहून लिवता तुमी हे ‘ग’? गुरं कुठी उरली आता? समद्यायनं इकून टाकली. ट्रॅक्टर शेण देते का?”

मी हसले. देवाशपथ, मी हसले.

त्यांनी वाद घातला नाही. हातात धरायचं वायू मोजायचं यंत्र घेतलं आणि ड्युटी संपली की वाऱ्याच्या तोंडाला तोंड देत चालू लागले. बारा दिवस चालले. या सोमवारी यंत्र जिथे ओरडलं ती जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पूर्वी तिथे खदान होती. ती वर्षानुवर्षं कचऱ्यानं भरली, वर मुरूम पडला, रोलर फिरला. खाली कुजणाऱ्या कचऱ्यातून तोच मिथेन सुटतो. भाऊंनी जागा घेतली तेव्हा ती सपाट मैदान होती. त्यांना खाली काय आहे हे कोणी सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. त्या जागेवर आज मंगल कार्यालय आहे.

शंभर भाग हवेत पाच भाग मिथेन झाला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. परवा स्टेजखालच्या खोलीत तीन होता.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन त्याच स्टेजवर झालं. आपली सगळ्यांची लेकरं तिथे नाचली. समई मी पेटवली होती. वात लागत नव्हती, म्हणून मी तीन काड्या ओढल्या. सोमवारपासून मला त्या तीन काड्यांखेरीज काही सुचत नाही. घरात गॅस पेटवताना मी डोळे मिटते.

वरच्या ऑफिसला कळवलं. उत्तर आलं, आपल्याच नोंदींनुसार सदर आकडे गुरांमुळे आहेत. भाऊंना फोन केला. भाऊ म्हणाले, “मॅडम, सीझन जाऊ द्या, मंग पाहू.” माझी धाकटी बहीण संगीता तिसऱ्या रांगेत बसली आहे. येत्या रविवारी तिच्या मंजूचं लग्न त्याच कार्यालयात आहे. चारशे पत्रिका वाटून झाल्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागणार, मागे भटारखाना पेटणार. तिला सांगितलं तर म्हणते, “ताई, तूच तं म्हनत होतीस गुरं हायेत म्हनून!”

खरंच आहे ते.

म्हणून आज सर्वांसमक्ष बोलते. संगीता, मी चुकले. गुरं नव्हती. मंजूचं लग्न याच मैदानात करू, मंडप मी घालते. आणि अध्यक्ष महाराज, तय्यबभाईंना आपण शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. आता कार्यालयाची किल्ली द्या. वायरमनदादांनी खांबावरून लाईट तोडली आहे. तय्यबभाई दारं-खिडक्या सताड उघडतील, आणि जमिनीतला वायू बाहेर काढायची सोय होईपर्यंत तिथे कार्य होणार नाही. भाऊ, आपलं नुकसान आहे, मला कळतं. पण किल्ली मिळेपर्यंत मी माईक सोडणार नाही.

...

काय म्हणालात, नानीबाई? जरा मोठ्यानं, मागे ऐकू जाऊ द्या.

“अमर, दे ना बापा किल्ली! माही नात नाचली ना तिथी! कायले बसून राह्यला?”

आभारी आहे, नानीबाई. आभारी आहे, भाऊ. तय्यबभाई, घ्या. आज तुमची सेवा संपली आणि काम मात्र मीच वाढवलं. सावकाश जा. कुलूप ओढू नका, हलकेच काढा. सिताराभाभी, मी त्यांच्यासोबत जाते आहे.

आपण सर्व शांतपणे बसलात, ऋणी आहे. माझं बोलणं प्रसंगाला शोभलं नसेल तर पदरात घ्या. जाताना कार्यालयाच्या बाजूनं कोणी जाऊ नका. चहा ठेवला आहे, तो घरून थर्मासमध्ये आणलेला आहे आणि गार झाला आहे. त्याचीही माफी असावी. इथे काडी ओढायची माझी हिंमत झाली नाही.