गुळाच्या ढेपा आणि रुंद टायर

मी मूळची शिरोळकडची, उसाच्या मळ्यातली, आमच्या अण्णांचा म्हंजे वडिलांचा ट्रॅक्टर हुता, आणि त्याचं पंक्चर काढताना पोरगी म्हणून मला कुणी बाजूला सारलं न्हाय, तवा हातात पाना धरायला मी सासरी शिकलो न्हाय, माहेरातनंच शिकून आलो. आमच्याकडं बायका बी आलो-गेलोच म्हणत्यात, हसू नगा पावणं. नाव पद्मावती, पण समदी पद्माक्का म्हणत्यात.

लगीन होऊन कोल्हापुरात आलो, मालकांचं टायरचं दुकान. पुढं त्यांचा मणका सरकला, डॉक्टरांनी वाकायचं बंद केलं, मग ते खुर्चीवर आणि मी गाडीखाली. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि फुडच्या दुकानात जायचं. काय सांगू तुमाला, लई वाईट वाटायचं. एक काम बिघडलं असतं तर शटरच वढायला लागलं असतं, कारण गड्याचं काम बिघडलं तर नशीब म्हणत्यात, बाईचं बिघडलं तर बाईनं केलं म्हणून बिघडलं म्हणत्यात.

अशात संग्राम आला. शिरोळकडच्याच बागायतदाराचा पोरगा, जुनी लाल स्पोर्ट कार घेतल्याली, दोनच शिटा, आणि बुटकी इतकी की आत बसायचं म्हंजे पाटावर जेवायला बसल्यागत. म्हणाला, अक्का, रुंद टायरं घालायची, मडगार्ड भरून दिसलं पायजे. मी म्हटलं, घालू की, पण स्प्रिंगा, शॉकअप? म्हणाला, ते कंपनीचंच ऱ्हाऊ दे. आता कसं हाय बघा, गाडी खड्ड्यात दबली की चाक वर मडगार्डात जातंय, आणि टायर रुंद असलं की पत्र्याची कड त्याला घासती, सुरीगत कापती. म्हणून मी पानाचा चुना घेतो, मडगार्डच्या आतल्या कडंला बोटानं लावतो आणि गाडी फिरवून आणतो. काळ्या टायरवर पांढरं आलं की समजायचं, घासतंय. अण्णा ट्रॉलीच्या चाकाला असंच करायचं.

मी आणि संग्राम बसलो, रंकाळ्यापतोर जाऊन आलो, खड्डा एक सोडला न्हाय, आणि खड्ड्यांना काय आपल्याकडं तोटा न्हाय. टायर काळंभोर. मालक खुर्चीवरनं म्हणालं, जमलं की गं. मी बी मनातनं फुगलो.

पण आपली रीत कुणाच्याच ध्यानात आली न्हाय. गाडी सजली की जोतिबाला जायचं, आणि जोतिबाला मोकळं कोण जातंय व्हय? दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राम आईला घेऊन आला, दुकानातच टायरांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आई भरल्या अंगाच्या, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसल्या, आणि डिकीत गुळाच्या ढेपा. वाटंत लेकीचं घर हाय, रिकाम्या हातानं कशी जाऊ म्हणाल्या. पळायसाठी केलेली गाडी, तिच्यात गूळ भरलेला मी पयल्यांदाच बघितला.

लिंबू चिरडलं, वजनानं दबल्याली गाडी दुकानापुढच्या उतारावरनं गटारीच्या फरशीवर आपटली, आणि मागनं खर्र झालं. चुना मी लगेच पुसत न्हाय, तो तसाच हुता, आणि मागच्या टायरवर पांढरा पट्टा उठला. मी पळत जाऊन गाडीला आडवं उभारलो, म्हटलं, ही टायरं काढाय पायजेत.

संग्राम तापला. म्हणाला, पुजलेली टायरं काढायची व्हय अक्का, अपशकुन हाय. माणसं जमली, कोण तरी म्हणालं, शेवटी बाईमाणसाचं काम. वाटलं गप बसावं, जातील-येतील, कुणाला काय कळतंय. पण ती घाटाची वळणं, उतरताना टायर फाटलं तर मायलेकांचं काय. एकीकडं दुकान, एकीकडं ही दोघं, मी गाडीपुढनं हललो न्हाय.

तवा त्या आईच खाली उतरल्या. पदर खोचला, वाकून टायर चाचपलं, वरखडा बोटाला लागला. मला म्हणाल्या, तू बसशील का गं ह्यात? मी म्हटलं, न्हाय बसणार. मग पोराकडं वळून म्हणाल्या, उतर खाली, देवाला रबराचं काय पडलंय, त्याला तू जित्ता पायजेस. जुनी टायरं चढवल्यावर त्यांनी ताटातल्या कुंकवानं परत पूजा केली आणि त्याच बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, समद्यांच्या देखत. मला रडूच फुटलं बघा.

देव करून माघारी आल्यावर थोडी कमी रुंदीची टायरं घातली, आणि परत तेवढ्याच ढेपा डिकीत ठेवून गाडी फिरवून बघितली. चुना जागचा हलला न्हाय. त्या माउलीनं शिरोळभर सांगितलं, टायरं घालायची तर पद्माक्काकडं जावा, धोका असला तर ती तोंडावर न्हाय म्हणती. आता न्हाय म्हणती म्हणून गिऱ्हाईक येतंय, असं कुठं ऐकलंय का तुमी? त्यांचं उपकार मी मरंपतोर इसरणार न्हाय.

मालकांचा मणका हाय तसाच हाय, पण आता ते खुर्चीवरनं गिऱ्हाईकाला सांगत्यात, थांबा, अक्का बघंल. आणखी काय पायजे माणसाला. एकेक गाडी उतारावरनं खाली जाती, मी हात जोडतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, टायर झिजवून या, फाडून येऊ नगासा.